टर्मिनलवर चालतं, मग ब्राउझरमधून का नाही?

प्रश्न: ऑफिसमधल्या लोकांसाठी एक छोटं वेबपेज केलंय. त्यावर वर्डची फाइल टाकली की तिची पीडीएफ करून मिळावी, एवढंच काम. सर्व्हर उबुंटूचा, त्यावर अपाचे आणि पीएचपी. स्क्रिप्ट 'शेल_एक्झेक' वापरून लिबरऑफिसची 'सॉफिस' ही कमांड चालवते. तीच कमांड मी टर्मिनलवर टाइप केली की काही सेकंदांत पीडीएफ तयार. ब्राउझरमधून मात्र काहीच होत नाही. एरर नाही, फाइल नाही, नुसतं कोरं पान. फोल्डरला 777 परवानगी, म्हणजे सगळ्यांना सगळं करण्याची मुभा, देऊन झाली. आता एक सहकारी म्हणतो, अपाचेच्या युजरला पासवर्डशिवाय सुडो (सर्वाधिकाराने कमांड चालवण्याची मुभा) देऊन टाक, प्रश्नच मिटेल. देऊ का?

उत्तर:

सुडो देऊ नका. बाकीचं वाचायला वेळ नसला तरी एवढं ऐका. अपाचेच्या युजरला पासवर्डशिवाय सुडो म्हणजे त्या सर्व्हरवरच्या कुठल्याही स्क्रिप्टमध्ये उद्या एखादं भोक सापडलं, तर ते शोधणारा थेट अख्ख्या मशीनचा मालक झाला. तुमच्या पेजवर तर लोकांच्या फाइली येऊन पडणार आहेत, म्हणजे दार आधीच किलकिलं आहे. शिवाय सुडो दिल्यावर काम झालंच, तरी ते कशामुळे झालं हे तुम्हाला कळणार नाही, आणि पुढच्या एखाद्या अपडेटनंतर पुन्हा बंद पडलं की तुम्ही आज जिथे आहात तिथेच असाल.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे 'एरर नाही'. एरर आहे. ती तुमच्यापर्यंत पोचत नाहीये. प्रत्येक प्रोग्रामला बोलायला दोन वाटा असतात: एक नेहमीच्या आउटपुटची, दुसरी तक्रारींची. टर्मिनलवर दोन्ही एकाच पडद्यावर दिसतात म्हणून आपल्याला फरक जाणवत नाही. 'शेल_एक्झेक' फक्त पहिल्या वाटेवरचं उचलून आणतं. तक्रारींची वाट जाते अपाचेच्या एरर लॉगकडे, आणि तेही मुख्य एरर लॉगकडे. तुमच्या साइटसाठी वेगळा लॉग ठेवला असेल तर त्यात शोधून काही मिळणार नाही. पीएचपी जर एफपीएममधून, म्हणजे अपाचेच्या बाहेर वेगळ्या प्रोसेसमध्ये, चालत असेल तर त्याहून वाईट: 'कॅच_वर्कर्स_आउटपुट' हे सेटिंग चालू केलेलं नसेल, तर तक्रार कुठेच नोंदली जात नाही.

म्हणून पहिलं काम, 'शेल_एक्झेक' बाजूला ठेवा आणि 'एक्झेक' वापरा. ओळ अशी होईल:

एक्झेक($कमांड . ' 2>&1', $ओळी, $कोड);

शेवटचं '2>&1' तक्रारींची वाट आउटपुटच्या वाटेला जोडतं. '$ओळी'मध्ये प्रोग्राम जे काही बोलला ते सगळं येतं आणि '$कोड'मध्ये तो जाता जाता काय आकडा देऊन गेला ते कळतं. 'शेल_एक्झेक' हा आकडा देतच नाही, आणि अडचण शोधताना अर्धं उत्तर त्या आकड्यातच असतं. 0 म्हणजे सगळं ठीक, निदान प्रोग्रामच्या मते. 127 म्हणजे या नावाची कमांडच सापडली नाही. 126 म्हणजे सापडली, पण चालवता आली नाही, बहुतेक वेळा चालवण्याची परवानगी नाही म्हणून. 128 च्या वरचा आकडा आला तर त्यातून 128 वजा करा, उरतो तो सिग्नलचा नंबर. 137 दिसला की 9 उरले, म्हणजे कुणीतरी प्रोसेस जबरदस्तीने मारली. लहान सर्व्हरवर मेमरी संपली की कर्नलच हे काम करतं, आणि तसं झालं असेल तर कर्नलच्या लॉगमध्ये त्याची नोंद सापडते.

'$ओळी' आणि '$कोड' दोन्ही छापून पाहा. माझा अंदाज आहे की तिथेच तुम्हाला 'परमिशन डिनाइड' असं काहीतरी दिसेल, आणि शेजारी '/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/.कॅश' किंवा '.कॉन्फिग' असा एखादा पाथ. तुम्ही कधीही न बनवलेला फोल्डर तिथे का आला, हा प्रश्न पडेल. त्याचं उत्तर असं.

टर्मिनलवर कमांड चालवता ती तुम्ही. ब्राउझरमधून चालते ती 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' नावाच्या युजरच्या नावाने. रेड हॅटच्या कुळातल्या सिस्टीमवर याच युजरचं नाव 'अपाचे' असतं. हा युजर तुमच्या मशीनवर नव्याने कामाला आलेल्या माणसासारखा आहे: तुमची कपाटं त्याला उघडत नाहीत, तुमच्या सवयी त्याला ठाऊक नाहीत, आणि त्याला दिलेल्या खोलीत त्याला स्वतःलाच काही ठेवता येत नाही. शेवटचं शब्दशः खरं आहे. उबुंटूवर 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा'चं होम फोल्डर '/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' आहे आणि त्याची मालकी रूटकडे, म्हणजे मशीनच्या मुख्य युजरकडे, असते. लिबरऑफिस पहिल्यांदा चालताना होम फोल्डरमध्ये आपलं प्रोफाइल तयार करायला जातं. तुमच्या होममध्ये ते केव्हाच तयार झालेलं आहे, इथे ते तयारच होत नाही, आणि प्रोग्राम तिथेच माघार घेतो. जिथे पीडीएफ जायची त्या फोल्डरला 777 दिलंत, पण अडलं होतं दुसऱ्याच ठिकाणी.

उपाय सोपा आहे. लिबरऑफिसला सांगायचं की प्रोफाइल होममध्ये नको, मी सांगतो तिथे कर. त्यासाठी '-एन्व्ह:यूजरइन्स्टॉलेशन' हा पर्याय आहे. त्याच्यापुढे बरोबरचं चिन्ह आणि 'फाइल:///'पासून सुरू होणारा पूर्ण पाथ द्यायचा. तिरक्या रेघा तीन, दोन नव्हेत. इथे खूप जण अडखळतात. पाथ अशा फोल्डरचा द्या जो 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा'च्या मालकीचा आहे. आणि एक गोष्ट आत्ताच करून ठेवा: प्रत्येक रूपांतराला वेगळं प्रोफाइल फोल्डर द्या, काम झालं की पुसून टाका. एका प्रोफाइलवर एका वेळी लिबरऑफिसची एकच प्रत चालते. आज तुम्ही एकटे चाचणी घेताय म्हणून जाणवणार नाही. दोघांनी एकाच वेळी फाइल टाकली की एकाची पीडीएफ येईल आणि दुसऱ्याची येणार नाही, आणि ती अडचण पुन्हा घडवून दाखवता येत नाही म्हणून फार छळते.

अर्थात माझा अंदाज चुकीचाही ठरू शकतो. म्हणून अंदाजावर विसंबण्यापेक्षा सर्व्हरची परिस्थिती तुमच्या टर्मिनलवर उभी करा. ब्राउझर रिफ्रेश करत बसण्यात लोक दिवस घालवतात. त्याऐवजी स्वतःच्या होम फोल्डरमधून बाहेर पडा आणि हे चालवा:

सुडो -यू डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा एन्व्ह -आय पाथ=/यूएसआर/बिन:/बिन सॉफिस --हेडलेस --कन्व्हर्ट-टू पीडीएफ --आउटडिर /व्हार/लिब/रूपांतर/तयार /व्हार/लिब/रूपांतर/आलेल्या/चाचणी.डॉक्स

इथला सुडो वेगळा आहे. तुम्ही त्या युजरला अधिकार देत नाही, तुम्ही स्वतः थोडा वेळ तो युजर होताय. 'एन्व्ह -आय'मुळे तुमच्या शेलमधले सगळे व्हेरिएबल गळून पडतात आणि उरतो तो फक्त तुम्ही दिलेला पाथ. सर्व्हरकडेही जवळपास एवढंच असतं. तुमच्या होममधली '.बॅशआरसी' फाइल अपाचे कधीच वाचत नाही, आणि एफपीएम तर डीफॉल्टनेच वातावरण पुसून कामाला लागतं. ही कमांड अशी चालवून फसली तर फारच चांगलं, कारण आता एरर तुमच्या डोळ्यांसमोर आहे आणि एकेक गोष्ट बदलून लगेच पाहता येतं. ती फसली नाही आणि ब्राउझरमधून तरीही फसत असेल, तर भानगड युजर किंवा पाथची नाही, सर्व्हरच्या स्वतःच्या बंधनांची आहे. त्याकडे पुढे येतो.

आता पाथबद्दल. कमांडचं नुसतं नाव देऊ नका, पूर्ण पाथ द्या. टर्मिनलवर 'विच सॉफिस' विचारा. उत्तर '/यूएसआर/बिन'मधलं आलं तर उत्तम. '/स्नॅप/बिन'मधलं आलं तर थांबा. लिबरऑफिस स्नॅपमधून (प्रोग्राम बसवण्याची उबुंटूची एक वेगळी, बंदिस्त पद्धत) बसवलेलं आहे, आणि ज्या युजरचं होम '/होम'च्या बाहेर आहे त्याच्यासाठी स्नॅप वेगळी जुळणी केल्याशिवाय चालायलाच नकार देतं. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' नेमका त्यातला. अशा वेळी जुळणीच्या मागे न लागता ते काढून 'एपीटी'ने साधं पॅकेज बसवावं, असं माझं मत आहे. फाइलींचे पाथही पूर्णच द्या. स्क्रिप्ट चालू असताना 'सध्याचं फोल्डर' कुठलं असेल यावर भरवसा ठेवू नका, आणि '--आउटडिर' दिलं नाही तर पीडीएफ त्याच सध्याच्या फोल्डरमध्ये जाते.

परवानग्यांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण 777 हे औषध फार लोक घेतात आणि त्याने बहुधा गुण येत नाही. एखाद्या फाइलपर्यंत पोचायला तिच्या वरच्या प्रत्येक फोल्डरमधून जाण्याची परवानगी लागते. तुमचा फोल्डर '/होम'च्या आत तुमच्या नावाखाली असेल, तर आतल्या फोल्डरला 777 देऊन काही होत नाही, कारण उबुंटू 21.04 पासून नवीन होम फोल्डरची परवानगी 750 असते आणि परका युजर उंबऱ्यावरच अडतो. 'नेमआय -एल' आणि पुढे फाइलचा पूर्ण पाथ असं दिलं की मुळापासून फाइलपर्यंतच्या प्रत्येक पायरीची मालकी आणि परवानगी एकाखाली एक छापून येते. कुठे अडतं ते एका नजरेत कळतं. मी तुमच्या जागी असतो तर होममधलं सगळं सोडून '/व्हार/लिब'खाली एक वेगळा फोल्डर केला असता, त्याची मालकी 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा'ला आणि परवानगी 750. वेबवरून थेट उघडता येईल अशा जागी हा फोल्डर ठेवू नका. लोकांच्या फाइली आहेत त्या.

सर्व्हरची बंधनं म्हणालो ती अशी. उबुंटूवर सिस्टीमडी (अपाचेसारख्या सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) अपाचेला स्वतःची खासगी '/टीएमपी', म्हणजे तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर, देतं. स्क्रिप्टने '/टीएमपी'त फाइल लिहिली, यश आलं असं सांगितलं, आणि तुम्ही टर्मिनलवर जाऊन पाहिलं तर फाइल नाही. ती आहे, पण 'सिस्टीमडी-प्रायव्हेट'ने सुरू होणाऱ्या एका लांबलचक नावाच्या फोल्डरमध्ये. माणूस वेडा व्हायची वेळ येते, कारण सगळं बरोबर असतं आणि फाइल दिसत नाही. वेगळा फोल्डर वापरलात की हा प्रश्न उरत नाही. दुसरं, होस्टिंग भाड्याचं असेल तर पीएचपीच्या सेटिंगमध्ये 'डिसेबल_फंक्शन्स' या यादीत 'एक्झेक' वगैरे मंडळी आहेत का ते बघा. असतील तर तुमच्या हातात काही नाही, होस्टिंगवाल्यांशी बोलावं लागेल. तिसरं रेड हॅटच्या कुळासाठी: तिथे एसईलिनक्स नावाचा सुरक्षेचा जादा पहारा असतो, आणि सगळ्या परवानग्या बरोबर असूनही तो अपाचेला अडवू शकतो. त्याची नोंद ऑडिट लॉगमध्ये मिळते. तपासण्यापुरतं 'सेटएन्फोर्स 0' करून पाहा, चाललं तर कारण सापडलं, आणि लगेच 'सेटएन्फोर्स 1' करा. हा पहारा कायमचा बंद करून टाकणं म्हणजे सुडोचीच दुसरी आवृत्ती.

आता तुम्ही विचारलं नाही तरी सांगायलाच हवं असं एक. कमांडमध्ये फाइलचं नाव कुठून येतं? लोकांनी दिलेलं मूळ नाव तुम्ही सरळ कमांडमध्ये चिकटवत असाल, तर आजच थांबवा. नावात अर्धविराम आणि त्यापुढे दुसरी कमांड टाकून कुणी फाइल पाठवली तर शेल ती दुसरी कमांडही इमानेइतबारे चालवेल. यासाठी 'एस्केपशेलआर्ग' हे फंक्शन आहे आणि ते वापरायलाच हवं, पण त्याचा एक गुण मराठी माणसाला ठाऊक हवा. पीएचपीचं लोकेल (भाषा आणि अक्षरांबद्दलचं सेटिंग) साधं 'सी' असेल तर हे फंक्शन इंग्रजीबाहेरची अक्षरं गुपचूप गाळून टाकतं. 'वार्षिक अहवाल.डॉक्स' आत गेलं की बाहेर येताना उरते मधली मोकळी जागा आणि '.डॉक्स'. वार्षिक नाही, अहवाल नाही. मग लिबरऑफिस म्हणतं फाइल सापडली नाही, आणि तुम्ही परवानग्या तपासत बसता. इंग्रजी नावांच्या फाइली नीट चालतात आणि मराठी नावांच्या चालत नाहीत, अशी तक्रार आली की पहिला संशय इथे घ्या.

'सेटलोकेल'ने 'एलसी_सीटाइप' यूटीएफ-8 वर नेलं की हे थांबतं, तेही ते लोकेल सर्व्हरवर बसवलेलं असेल तर. पण त्याहून पक्का मार्ग म्हणजे आलेलं नाव कमांडपर्यंत पोचूच द्यायचं नाही. फाइल आली की तिला स्वतः तयार केलेलं एखादं आकडे-अक्षरांचं नाव द्या, त्याच नावाने रूपांतर करा, आणि मूळ नाव डेटाबेसमध्ये जपून डाउनलोडच्या वेळी परत लावा. वापरणाऱ्याला त्याचं मराठी नाव मिळतं आणि शेलला ते कधी दिसतच नाही. पीएचपी 7.4 किंवा पुढची आवृत्ती असेल तर 'प्रॉक_ओपन'ला कमांड एका ओळीऐवजी तुकड्यांच्या अ‍ॅरेत देता येते. मग मध्ये शेल येतच नाही, आणि अर्धविरामाचा धोकाही राहत नाही. तो मार्ग घेतलात तर आउटपुट आणि तक्रारी या दोन्ही वाटा आळीपाळीने वाचत राहा. लिनक्सवर अशा पाइपमध्ये सहसा 64 केबी मावतं. एक वाट तुंबली आणि तुम्ही दुसरीवर वाट पाहत राहिलात, तर दोघंही एकमेकांसाठी अडून बसतात.

लिबरऑफिसच्या बाबतीत आणखी एक. वर मी 0 म्हणजे 'प्रोग्रामच्या मते' ठीक असं म्हटलं ते मुद्दाम. फाइल उघडता आली नाही तरी 'सॉफिस' कधी कधी 0 देऊन मोकळं होतं. म्हणून कोडवर विश्वास ठेवून पुढे जाऊ नका. पीडीएफ खरोखर तयार झाली आहे का आणि तिचा आकार शून्यापेक्षा जास्त आहे का, हे स्क्रिप्टमध्ये तपासा. नाही झाली तर वापरणाऱ्याला साध्या शब्दांत सांगा आणि '$ओळी'तला मजकूर तुमच्या लॉगमध्ये लिहा. तो मजकूर वापरणाऱ्याच्या पानावर मात्र छापू नका, त्यात सर्व्हरचे पाथ उघडे पडतात.

वेळेचा प्रश्न तुम्हाला अजून आलेला नाही, पण मोठी फाइल आली की येईल. लिनक्सवर पीएचपीची 30 सेकंदांची मर्यादा बाहेरच्या प्रोग्रामने खाल्लेला वेळ मोजत नाही, त्यामुळे अडकलेलं लिबरऑफिस अडकूनच राहतं. कमांडच्या आधी 'टाइमआउट 120' लावा. दोन मिनिटांत संपलं नाही तर ते स्वतःच प्रोसेस थांबवतं आणि 124 हा कोड देतं. पंधरावीस लोक रोज वापरणार असतील तर रूपांतर पान उघडं असतानाच करण्याचा हट्ट सोडा. पेजने फक्त 'हे काम आलंय' अशी नोंद करावी, आणि वेगळ्या युजरखाली चालणाऱ्या एका छोट्या प्रोग्रामने ती एकेक करून उरकावी. तेव्हा अपाचेला बाहेरचा प्रोग्राम चालवावाच लागत नाही, आणि या पत्रातल्या निम्म्या अडचणी आपोआप संपतात. मला विचाराल तर शेवटी तिथेच जायचंय, पण आधी आजचं कोरं पान बोलतं करा.

एवढं करूनही अडलंच, तर पुन्हा लिहा. लिहिताना चार गोष्टी पाठवा: '$ओळी'तला मजकूर जसाच्या तसा, '$कोड'चा आकडा, स्क्रिप्टमधून चालवलेल्या 'हूअ‍ॅमआय'चं उत्तर, आणि 'नेमआय -एल'चा निकाल. वातावरण तपासायला 'एन्व्ह' छापणारं एखादं पान केलं असेल तर ते मला पाठवण्याआधी नीट वाचा आणि काम झालं की सर्व्हरवरून काढून टाका. डेटाबेसचे पासवर्ड अनेकदा त्यातच असतात.